साक्षीदाराची खुर्ची

पुसद,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. विमलताईस,

शामचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. संगीताचे गुडघे थंडीबरोबर कुरकुरायला लागले आहेत, बाकी ठीक. तुमच्याकडे कापसाचा पहिला वेचा झाला असेल. तूर फुलावर आली असेल तर अळीकडे लक्ष ठेव, आणि फवारणी गड्याच्या भरवशावर सोडू नकोस. नाल्याकडच्या धुऱ्याला ओल जास्त राहते, तिथूनच अळी सुरू होते.

फोन असताना पत्र काहून, असं तू नातीला, निशिगंधाला विचारशील. एक कारण असं की तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मी 'हॅलो' म्हटलं की तुझी सून, नातवंडं आणि शेजारची धुरपताबाई सगळी एकदम 'हो' म्हणतात. दुसरं कारण पुढे सांगतो. जमीर ढाणकीच्या बाजाराला टेम्पो घेऊन येतो आहे, त्याच्या हाती हे पाठवतो. एकटी बसून वाच. सूनबाई चांगली आहे, तिला नंतर सांग.

ऑगस्टमध्ये मी परदेशी जाऊन आलो, त्याबद्दल लिहायचं आहे. मी नेमकं काय करतो हे तुला कधी कळलं नाही, आणि त्यात तुझी चूक नाही. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलो तेव्हा लॅबमध्ये मोजकी यंत्रं होती, प्लास्टिकच्या खोळीत झाकलेली, आणि पोरं चपला बाहेर काढून देवळात गेल्यासारखी आत जायची. मग इंटरनेट आलं. वेबसाइटचा पत्ता आपल्या लिपीत लिहिता यावा म्हणून एक समिती झाली, तिच्यात मला घेतलं. तिथून पुढे मी बैठकांचाच झालो. इंटरनेट कोणाच्या मालकीचं, नावं कोणी वाटायची, कोणाचं नाव कोणी पुसायचं, यावर जगभरची माणसं वर्षानुवर्षं भांडतात, त्यांच्यात मीही भांडलो. तू ढाणकीत सांगत फिरायचीस, "आमचा शाम इंटरनेटचा सरपंच हाय." सरपंच कसला, ग्रामसभेत मागच्या रांगेतून उठून 'ठराव वाचून दाखवा' म्हणणारा एक माणूस असतो ना, तो मी.

तेवढ्यावरच बहुधा ही नावं सांभाळणाऱ्या संस्थेनं मला साक्षीदार नेमलं. इंटरनेटवरची सगळी नावं एकाच मुळाला टांगलेली आहेत. ते मूळ खरं आहे याची ग्वाही एक किल्ली देते, आणि ती किल्ली पोलादी भिंतींच्या खोलीत, तिजोरीत असते. वर्षातून काही वेळा ती बाहेर काढावी लागते. कोणा एकानं ती काढू नये, म्हणून निरनिराळ्या देशांतून माणसं बोलावतात. त्यांत मास्तर असतात, इंजिनिअर असतात, पेन्शनवाले असतात. त्यांच्या हाती सत्ता काही नाही. बसायचं, बघायचं, आणि जे झालं ते आमच्यादेखत झालं असं लिहून द्यायचं.

हे तुला सांगितलं तेव्हा तू लगेच म्हणालीस, "म्हंजे बाबाचंच काम की." माझी एवढी वर्षं ज्यात गेली ते तू एका वाक्यात आवरलंस. बरोबरच होतं तुझं. आपले बाबा जन्मभर पंच होते. भावाभावांची वाटणी असो, धुऱ्याबांधाची मोजणी असो, सोयरीक जुळो की मोडो, बबनरावांना बोलावणं यायचं. ते काही बोलायचे नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवायची आणि नुसतं बघत बसायचं. त्यांच्यासमोर खोटं बोलायची ढाणकीत कोणाची छाती नव्हती. बोलावल्याशिवाय ते कुठे गेले नाहीत, आणि 'या आता' म्हटल्याशिवाय कुठून उठले नाहीत.

चार वर्षांपूर्वी ते गेले. दहाव्याच्या रात्री आपण पीठ पसरून, शेजारी दिवा ठेवून वर टोपली झाकली होती, कुठल्या जन्माला गेले ते पाहायला. सकाळी टोपली उचलली तर पीठ होतं तसं सपाट. ना पाऊल, ना रेघ. धुरपताबाई म्हणाली, "कुठी गेलेच नाई थे. त्याईले कोनी जा म्हटलंच नाई." मी हसण्यावारी नेलं. शिकलेल्या माणसाची ती सोय असते.

आता ऑगस्टकडे येतो. जायच्या आधी तुला भेटायला आलो, तेव्हा मी बोलण्याच्या ओघात 'कार्यक्रम' म्हटलं. त्या किल्लीच्या प्रकाराला तिकडेही तसंच काहीसं म्हणतात. तू ते लग्नामुंजीसारखं धरलंस. कार्य म्हटलं की पहिलं बोलावणं देवाला आणि दुसरं पितरांना. तू देवापुढे अक्षता ठेवल्यास, मग बाबांच्या फोटोपुढे ठेवल्यास आणि म्हणालीस, "बाबा, शामच्या कार्यक्रमाले या. साक्षीले मानूस लागते तिथं." मी तेव्हा चहा पीत होतो. पत्ता नीट दे त्यांना, विमानात चुकतील, असंही म्हणालो.

खोलीत जाताना प्रत्येकाचा डोळा यंत्राला दाखवावा लागतो, बाहेर येतानाही दाखवावा लागतो. आत किती माणसं आहेत हे यंत्राला पक्कं ठाऊक असतं, आणि सगळी बाहेर आल्याशिवाय खोली बंद होत नाही. आतलं सगळं कॅमेऱ्यावर जगाला दिसतं. निशिगंधानं मोबाइल टीव्हीला जोडून तुम्हा सगळ्यांना दाखवलं होतं. लग्नाची कॅसेट बघावी तसे तुम्ही बसला असणार. माझी खुर्ची भिंतीकडची होती.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "कुठं होता रे तू? खुर्चीवर तं बाबा बसले होते."

मी म्हणालो, ताई, साठी उलटली की मुलगा बापासारखा दिसतो, त्यात चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "मंग मांडीवर टोपी कोनाची होती?" मी फोन ठेवला. लाइन कटली असं नंतर सांगितलं. लाइन कटली नव्हती.

काम सुरळीत झालं होतं. बाहेर येताना मात्र माझा डोळा यंत्राला पटला नाही. पुन्हा दाखवला, चष्मा काढून दाखवला. शेवटी तिथल्या माणसांनी हातानं दार उघडून मला बाहेर काढलं, आणि यंत्राच्या लेखी मी आतच राहिलो. सगळे हसले, मीही हसलो. पुसदला पोचलो तोवर त्यांची मेल येऊन पडली होती. थट्टेतच लिहिलं होतं, प्राध्यापक महाशय, आमच्या यंत्राच्या मते तुम्ही अजून खोलीतच आहात, जेवलात का?

पुढच्या मेलमध्ये थट्टा नव्हती. खोली बंद केली की आतलं यंत्र सांगतं, कोणीतरी हललं. उघडून पाहावं तर कोणी नाही. उंदीरही शिरणार नाही अशी ती जागा आहे.

या महिन्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. मी उमेराच्या सेवा केंद्रावर गेलो. उमेरा म्हणजे जमीरची बहीण, माझीच विद्यार्थिनी. तिनं अंगठा ठेवायला सांगितला. "नाही घेऊन राह्यला, सर. हात पुसून पुन्हा ठेवा ना." पुन्हा ठेवला. बाकीची बोटंही झाली. "होते सर असं. वय झालं की रेषा घासते. अब्बाचंही असंच झालतं," असं म्हणत तिनं डोळ्याचं यंत्र काढलं. ते लावलं, पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, हा तर तुमाले वळखूनच नाही राह्यला." पोरगी चहा मागवते म्हणाली. मी नको म्हटलं आणि पायी घरी आलो.

घरी संगीता. हे कसं लिहावं कळत नाही. इतक्या वर्षांचा संसार आहे, पण हल्ली मी खोलीत आलो की ती उठून उभी राहते आणि डोक्यावरून पदर घेते. तिचं तिलाच समजत नाही. मी विचारलं तर म्हणाली, काय माहीत, हात आपोआपच जातो. आल्यापासून मी बाहेरच्या दिवाणावर झोपतो. घोरतो म्हणून, असं आमचं ठरलं आहे. तिनं एकदाही आत या म्हटलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

आणि भाऊबीज. तू ओवाळायला ताट उचललंस आणि थांबलीस. ताट खाली ठेवून वाकलीस आणि माझ्या पायांना हात लावलास. मग तूच दचकलीस. "काय करून राह्यली मी? लहान्या भावाच्या पाया पडून राह्यली." सगळे हसले. तू हसलीस, पण डोळे माझ्यावरून काढले नाहीस. त्या दिवशी मला तुझं लहानपण आठवलं. तू अडीच वर्षांची होतीस. तापानं अंगाची लाही झाली होती, आणि उमरखेडच्या वाटेवरचा नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. तुला खांद्यावर बसवून मी पाण्यात शिरलो. तू माझे केस दोन्ही मुठींत धरले होतेस आणि सारखी म्हणत होतीस, बाबा, पानी. बाबा, पानी. पलीकडे पोचलो तेव्हा माझी टोपी वाहून गेलेली होती.

विमल, तेव्हा शामचा जन्म झाला नव्हता.

पत्राचं दुसरं कारण हे. फोनवर मी कितीही सांगितलं असतं तरी आवाज शामचाच आला असता. अक्षर तसं नाही. आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगायची, अशी सवय घरात एकाच माणसाची होती, आणि त्यावरून तू मला किती चिडवायचीस. पहिल्या पानापासूनच तुला दिसलं असेल. हे पत्र सुरू केलं तेव्हा मी शाम आहे असं मी धरून चाललो होतो. खरं तर तसं धरून राहण्यात मला सुख होतं.

आता जे झालं ते, झालं तसं सांगतो.

मी त्या खोलीत भिंतीशी उभा होतो. कसा पोचलो ते माहीत नाही. बोलावणं आलं की माणूस निघतो, वाट त्याला विचारावी लागत नाही. समोर लोक हळू आवाजात काहीतरी वाचत होते, आणि आपला शाम खुर्चीत ताठ बसून बघत होता. चांगला बसला होता. मला अभिमान वाटला. मग त्यानं मान वळवली आणि मला पाहिलं. घाबरला नाही. एवढा मोठा प्रोफेसर, जग फिरलेला, पण बाप उभा आहे आणि आपण बसलो आहोत हे त्याला सोसलं नाही. तो उठला, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि हळूच म्हणाला, "बाबा, बसा."

मी बसलो. मुलगा उठला की बाप बसतो, त्यात विचार करण्यासारखं काय असतं? टोपी काढून मांडीवर ठेवली आणि काम पाहायला लागलो. शाम माझ्या जागी, भिंतीशी उभा राहिला. काम संपल्यावर जे खुर्च्यांत होते त्यांना चला म्हणाले, आणि आम्ही निघालो. भिंतीशी उभ्या असलेल्याला कोणी चला म्हणालं नाही. त्यांना तो दिसतच नव्हता.

त्याचं शिक्षण, त्याच्या बैठका, पासवर्ड, सगळं माझ्या डोक्यात आहे. भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाचं सामान राहून जावं तसं ते आहे. त्यावर मी तीन महिने त्याचा संसार केला. लपवत नाही, विमल, मला बरं वाटलं. गरम भाकर, वर मिरचीचा ठेचा. सकाळचं ऊन पायांवर घ्यायचं. तुझ्या घरी आलो तेव्हा तूर डोक्याएवढी झालेली पाहिली. सरणावर चढलेल्या माणसाला हे पुन्हा मिळत नाही. मला मिळालं, आणि मी गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात त्यांनी त्या बंद खोलीचा व्हिडिओ पाठवला. त्यांना त्यात रिकामी खोली दिसते. मला शाम दिसला. दोन्ही हातांनी फाइल छातीशी धरून भिंतीला टेकून उभा आहे, चौथीत असताना मी शिक्षा म्हणून ओट्यावर उभा करायचो तसा. रडत नाही. दाराकडे बघतो आहे. अधूनमधून या पायावरचा भार त्या पायावर घेतो, आणि तेवढ्यावर यंत्र ओरडतं. बाकी त्याला काही येत नाही. त्याला भूक लागते की नाही, हे मला कळायला मार्ग नाही.

आता त्यांना ही कटकट संपवायची आहे. त्यांनी मला एक ओळ लिहून मागितली आहे: त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आलो. सोमवारपर्यंत ती मिळाली की ते नोंद दुरुस्त करतील आणि आतलं यंत्र बदलतील. आज शाम कुठे आहे हे सांगणारं जगात एकच यंत्र आहे. ते पुसलं की तो कुठेच नाही. ना त्या खोलीत, ना पुसदला, ना माझ्यासारखा फोटोत. कोणाचं नाव कोणी पुसायचं, यावर जन्मभर भांडलेला माझा मुलगा माझ्याच एका ओळीनं पुसला जाईल. आणि ओळ नाही दिली तरी ते थांबणार नाहीत, चौकशी करून आपल्या मनानं मिटवतील. मी त्यांना लिहून ठेवलं आहे ते खरं तेच: शाम बबनराव हे खोलीत गेले. बाहेर आलेले मी पाहिले नाहीत. जन्मात खोटी साक्ष दिली नाही, मेल्यावर कशाला देऊ?

पण त्यानं शाम सुटत नाही. मी तिकडे जाऊनही सुटत नाही, कारण दारावर हा डोळा चालणार नाही. त्या खोलीत बाहेरून पोचलेली एकच गोष्ट मला माहीत आहे. ती म्हणजे तुझी हाक.

म्हणून ऐक. रविवारी दिवेलागणीला माझ्या फोटोपुढे अक्षता ठेव आणि मला निरोप दे. 'बाबा, काम झालं, या आता,' एवढं म्हण. त्याला बोलावण्याआधी हे करायचं. मी बसलेला असेपर्यंत तो बसायचा नाही, माझा मुलगा आहे. मी उठलो की लगेच उंबऱ्यावर जा आणि शामला हाक मार. पितरांना मारतात तशी नाही. लहानपणी तो खेळायला जायचा आणि तू ओट्यावरून जीव तोडून ओरडायचीस, घरी ये म्हणून, तशी. शेजारीपाजारी बघतील, बघू देत.

मी उठल्यापासून तो येईपर्यंत हे शरीर कोणाचंच नसेल. किती वेळ, मला ठाऊक नाही. संगीताला त्या वेळी माझ्याजवळ बसायला सांगितलं आहे. तिनं कारण विचारलं नाही, पदर सावरून हो म्हणाली. तिला घाबरू द्यायचं नसेल तर निरोप आणि हाक यांत वेळ घालवू नकोस. आणि पहिल्या हाकेला आला नाही तर दुसरी मार. तो कामात असला की ऐकत नाही.

तुला मी ओळखतो. तू फोटोपुढे बसशील आणि तुझ्या तोंडून 'या आता' निघणार नाही. भाऊबीजेला माझ्या पायांवरून तुझा हात निघत नव्हता, तेव्हाच मला कळलं होतं. एकदा गेलेला बाप परत मिळाला, तो स्वतःच्या तोंडानं कोण घालवील? मलाही जावंसं वाटत नाही, विमल. खरंच वाटत नाही. पण मी माझं सगळं पाहून झालेला माणूस आहे, आणि तो पोरगा तिथे उभा आहे. माझ्यासाठी खुर्ची सोडली म्हणून उभा आहे.

मला उठव, बाई.

चि. सौ. विमल हिला अनेक उत्तम आशीर्वाद,

बाबा